शब्दचर्चा : ‘जंजिरा’ आणि ‘अल्जीरिया’ एकाच घरातले?

खाडीपलीकडचा :
शाळेच्या भिंतीसाठी आफ्रिकेचा मोठा नकाशा मराठीत करायला घेतलाय. तीन जागी अडलंय. ‘जंजिरा’ आणि ‘अल्जीरिया’ यांचं मूळ एकच, हे खरं का? ‘गल्फ ऑफ गिनी’ला गिनीची खाडी म्हणावं का? आणि ‘सहारा वाळवंट’ म्हणजे द्विरुक्ती, असं एकांनी सांगितलं. जाणकारांनी सांगावं.

शब्दनाखवा :
पहिल्याचं उत्तर हो. अरबीत ‘जझीरा’ म्हणजे बेट, अनेकवचन ‘जझाइर’. अल्जीअर्स बंदरासमोर लहान लहान बेटं होती, त्यावरून शहर ‘अल-जझाइर’ आणि शहरावरून देश. ती बेटं सोळाव्या शतकात बांध घालून किनाऱ्याला जोडली, त्यामुळे आज नकाशात शोधायला गेलात तर हाती लागायची नाहीत. बेटांच्या नावाचा हा देश क्षेत्रफळाने आफ्रिकेत पहिला आहे, सुमारे २३.८ लाख चौ. किमी, आणि त्यातला पाचात चार भागांहून जास्त सहारा! जुनं पुस्तक समोर ठेवून नकाशा करत असाल तर जपा. २०११ मध्ये दक्षिण सुदान वेगळा होईपर्यंत पहिला नंबर सुदानचा होता आणि कित्येक तक्त्यांत तो अजून तसाच आहे.

आपल्याकडे त्याच जझीऱ्यात अनुस्वार शिरला. राजपुरीच्या खाडीच्या तोंडावरचा तो जंजिरा, पण शब्द तेवढ्यावर थांबला नाही. ‘जंजिरे विजयदुर्ग’ असं जुन्या कागदांत येतं, आणि विजयदुर्ग काही बेट नव्हे. म्हणजे मराठीत अर्थ ‘बेट’वरून ‘पाण्यातला किल्ला’ असा सरकला. साखळीच्या ‘जंजीर’शी मात्र याला बांधू नका, तो फारसी शब्द वेगळा.

पुळणवाट :
‘गिनीची खाडी’ अजिबात नको. हे हिंदीचं वळण. तिकडे ‘खाड़ी’त आखातही बसतं, म्हणून हल्ली आपल्या बातम्यांतही ‘खाडी देश’ येऊ लागलेत. आपली खाडी म्हणजे नदीच्या तोंडातून भरतीचं पाणी आत चढतं ती जागा : सावित्रीची बाणकोटला, वाशिष्ठीची दाभोळला, शास्त्रीची जयगडला. काठाला खाजणं असतात, ओहोटीला चिखल उघडा पडतो, तरीने पलीकडे जाता येतं. गिनीचं आखात म्हणजे आफ्रिकेच्या बगलेत शिरलेला मोकळा अटलांटिक. शून्य अक्षांश आणि शून्य रेखांश तिथल्या पाण्यातच एकमेकांना छेदतात. तिथे ‘आखात’च लिहा.

पण त्या आखाताच्या काठी आपल्या अर्थाची खाडी आहे. कॅमेरूनमध्ये वूरी नदी समुद्राला मिळते, तिच्यावर दुआला बंदर. पंधराव्या शतकात पोर्तुगीज खलाशांना त्या पाण्यात एवढी कोळंबी दिसली, की त्यांनी नाव ठेवलं ‘रिओ दोस कामारोएश’, कोळंब्यांची नदी. देशाचं नाव त्यातूनच आलं. काँगोच्या मुखालाही ‘त्रिभुज प्रदेश’ लिहू नका, ही चूक नेहमीची. नाईल आणि नायजर गाळ पसरून त्रिभुज प्रदेश करतात. काँगोत पाणी आफ्रिकेतल्या कुठल्याही नदीपेक्षा जास्त, पण मुखापाशीच समुद्रतळाला खोल घळ आहे आणि गाळ तिच्यातून खाली निघून जातो.

आता वाळवंट. द्विरुक्ती आहे खरी, ‘सहरा’ म्हणजेच वाळवंट. पण मराठी वाचकाला सहारा हे विशेषनाम झालंय, तेव्हा ‘सहारा वाळवंट’ खुशाल लिहा. खरी अडचण ‘वाळवंट’मध्येच आहे. हा मुळात नदीकाठच्या वाळूचा शब्द, पंढरपूरला चंद्रभागेचं वाळवंट म्हणतात तसा. (समुद्रकाठी आपण पुळण म्हणतो.) शब्दात वाळू असल्यामुळे मुलं अख्खा सहारा पिवळा रंगवतात. वाळूच्या टेकड्या तिथे जेमतेम चौथा हिस्सा. बाकी दगडगोट्यांची मैदानं आणि खडकाळ पठारं. त्या पठारांना अरबीत ‘हमादा’ म्हणतात. कोकणातल्या पोरांना मे महिन्यातला सडा दाखवावा : उघडा कातळ, माती नाही, सावली नाही. जून मात्र येत नाही, एवढं सांगावं. नकाशावर वाळू एका रंगाने, खडक दुसऱ्या रंगाने दाखवा.

खाडीपलीकडचा :
रंगाचं पटलं, दोन रंग करतो. मग ‘साहेल’ला काय लिहू? आणि इथिओपियासमोर कंसात ‘हबसाण’ चालेल का?

शब्दनाखवा :
साहेल तसंच ठेवा. अरबी ‘साहिल’ म्हणजे किनारा. इथे समुद्र वाळवंटाचा, त्याच्या दक्षिणेचा हा काठ. माली, नायजर, चाड, बुर्किना फासो हे साहेलातले देश, आणि चौघांनाही समुद्रकिनारा नाही. भाषांतर करून ‘किनारा’ लिहिलंत तर घोटाळा होईल. त्याच शब्दाचं अनेकवचन ‘सवाहिल’, त्यातून ‘स्वाहिली’ : किनाऱ्यावरची भाषा.

हबसाण मात्र नको. अरबी ‘हबश’ म्हणजे इथिओपियाचा प्रदेश, तिथला तो हबशी. पण मराठीत हबसाण म्हणजे सिद्द्यांचा मुलूख, जंजिरा संस्थान. कंसात लिहिलंत तर मुरूडचं पोर बोट ठेवून म्हणेल, हे तर आमचंच गाव! जुनं नाव हवंच असेल तर ‘ॲबिसिनिया’ लिहा. ‘हबशी’ आता हेटाळणीने वापरतात, तोही नकाशावर नको.

पुळणवाट :
नाखवा, तुमच्या टोपणनावाचं राहिलं की!

शब्दनाखवा :
फारसी ‘नाखुदा’, नावेचा धनी. आपल्याकडे नाखवा झाला, स्वाहिलीत ‘नहोधा’, अर्थ जहाजाचा कप्तान. आणि बंदराला तिकडे ‘बंदारी’ म्हणतात. नकाशात मोंबासा आणि दार-ए-सलामपाशी नांगराची खूण काढाल, तिच्याखाली हे दोन शब्द लिहून टाका. जागा उरेल.