स्वतःचं तेल असलेल्या देशाने पेट्रोलवरची सबसिडी काढावी का?

कंदील:
मी अर्थशास्त्रात एम.ए. करतेय. सेमिनारसाठी विकसनशील देशांमधली इंधन सबसिडी हा विषय घेतलाय. आकडे बघितले तर उत्तर सरळ वाटतं. आयएमएफच्या (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या) २०१२ सालच्या अभ्यासात म्हटलंय की या सबसिडीतला सर्वांत श्रीमंत २० टक्के कुटुंबांना मिळणारा वाटा सर्वांत गरीब २० टक्क्यांच्या सहापट असतो. म्हणजे ज्याच्याकडे गाडी आहे त्यालाच स्वस्त पेट्रोल, आणि शाळा-दवाखान्यांसाठी मात्र तिजोरीत खडखडाट. तरीही नायजेरियात, इक्वेडोरमध्ये सबसिडीला हात लावला की लोक रस्त्यावर उतरतात, आणि त्यात गरीबच जास्त. ज्यांना फायदा कमी तेच का चिडतात? तिकडे राहिलेलं कुणी असेल तर सांगा, पुस्तकातलं वाचतेच आहे.

हार्मॅटन:
मी नायजेरियातल्या लागोसमध्ये एका कारखान्याचे हिशेब सांभाळायचो. १ जानेवारी २०१२ ला तिथेच होतो. त्या दिवशी पेट्रोल लिटरमागे ६५ नायरांवरून एकदम १४१ वर गेलं. दिवस कोणता निवडला बघा! नाताळासाठी माणसं गावी गेलेली, आणि परतीचं भाडं रातोरात वाढलेलं. आमचे कितीतरी कामगार उसनवारी करून परत आले. देशभर संप झाला आणि महिना संपायच्या आत सरकारला दर ९७ वर आणावा लागला.

'ज्याच्याकडे गाडी त्याला फायदा' असं तुम्ही म्हणता ना, खरी गोम तिथेच आहे. नायजेरियात पेट्रोल फक्त गाडीत जात नाही. वीज इतकी बेभरवशाची की शिंपी, न्हावी, थंड पाणी विकणारी बाई, ज्याच्या-त्याच्या दाराशी छोटा जनरेटर. लोक त्याला 'आय बेटर पास माय नेबर' म्हणतात, म्हणजे 'शेजाऱ्यापेक्षा मी बरा'. आमच्या फाटकाबाहेर एक शिंपी बसायचा. सकाळी प्लास्टिकच्या बाटलीतून मोजून पेट्रोल ओतायचा, दोरीला हिसका द्यायचा, की शिलाई मशीन, एक दिवा आणि पंखा सुरू. दर वाढले त्या आठवड्यात त्याने आधी पंखा बंद केला, मग अंधार पडला की दुकानच बंद करायला लागला. त्याच्याकडे गाडी नव्हती. पण पेट्रोलचा भाव हाच त्याच्या विजेचा भाव होता. हे सहापटीच्या आकड्यात दिसत नाही.

आणि विश्वासाचं काय? तेलाच्या पैशातून सामान्य माणसाच्या हातात पडणारी एकच गोष्ट म्हणजे स्वस्त पेट्रोल. तीच काढून घ्यायची आणि 'वाचलेल्या पैशातून रस्ते बांधू' म्हणायचं, तर कोण ऐकेल? कच्चं तेल निर्यात करणारा देश, पण तेव्हा रिफायनऱ्या धड चालत नव्हत्या, म्हणून पेट्रोल बाहेरून आणायचे. त्यात न आलेल्या मालाचीही बिलं निघायची. त्याच वर्षी तिथल्या संसदेच्या समितीने ६.८ अब्ज डॉलरच्या गैरव्यवहाराचा अहवाल दिला. लोकांचा राग त्यावर होता.

सबसिडी काढावी या मताचा मी आहेच. पण आधी द्यावं, मग घ्यावं.

ताळेबंद:
हार्मॅटन, द्यायला पैसा कुठून आणायचा? तो सबसिडीतच अडकलेला असतो. वर नायजेरियातलं स्वस्त पेट्रोल चोरट्या वाटेने शेजारच्या बेनिनमध्ये जायचं, म्हणजे शेजाऱ्यांनाही सबसिडी. योग्य वेळेची वाट बघण्यात वर्षं गेली, शेवटी २९ मे २०२३ ला नायजेरियाचे नवे राष्ट्राध्यक्ष टिनुबू यांनी शपथविधीच्या भाषणातच सबसिडी संपल्याचं सांगून टाकलं. मला भारताची डिझेलची वाट बरी वाटते. जानेवारी २०१३ पासून महिन्याला साधारण ५० पैसे वाढवत नेले आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये कच्चं तेल उतरल्यावर दर मोकळे केले. आगाऊ कुणाला काही दिलं नव्हतं.

हार्मॅटन:
हळूहळू वाढवणं चांगलंच. पण २०२३ मध्ये नायजेरियाने पुढच्याच महिन्यात नायराचा दरही बाजारावर सोडला आणि तो घसरला. पेट्रोल बाहेरून येणारं, त्यामुळे दोन्ही ओझी एकाच पाठीवर आली.

पैसा कुठून, याचं उत्तर घानात मिळतं. २००५ मध्ये त्यांनी भाव ५० टक्क्यांनी वाढवले, पण सबसिडी कुणाच्या खिशात जाते याचा अभ्यास आधी करून तो लोकांपुढे मांडला, आणि सोबत सरकारी प्राथमिक व कनिष्ठ माध्यमिक शाळांची फी माफ केली. वाचलेला पैसा कुठे गेला ते आईबापांना फीच्या पावतीवरच कळलं.

इराणकडे तर नीट बघाच. डिसेंबर २०१० मध्ये कोट्यातलं पेट्रोल १,००० रियालवरून ४,००० वर नेलं, चौपट! पण त्याआधीच लोकांच्या खात्यात पैसे जमा झाले होते, माणशी महिन्याला ४,५५,००० रियाल. खात्यात दिसायचे, पण दर वाढेपर्यंत काढता येत नव्हते. मोठा उद्रेक झाला नाही. त्याच देशात नोव्हेंबर २०१९ मध्ये मध्यरात्री दर वाढवले, मदत मागाहून आली. देश पेटला, आंदोलन चिरडताना माणसं मारली गेली.

कंदील:
शिंप्याचं उदाहरण सेमिनारमध्ये घेऊ का? आणि इराणची ती रक्कम पुढे पुरली का लोकांना?

हार्मॅटन:
जरूर घ्या. रक्कम नाही पुरली. रियालमधला आकडा वर्षानुवर्षं तोच ठेवला आणि महागाईने तो खाऊन टाकला. म्हणून भरपाई महागाईशी जोडायला हवी, हे ठळक लिहा. इंडोनेशियाही वगळू नका. २००५ मध्ये दरवाढीसोबत गरीब कुटुंबांना महिन्याला १,००,००० रुपिया या हिशेबाने तिमाही रोख रक्कम दिली, आणि जानेवारी २०१५ मध्ये कच्चं तेल ५० डॉलरच्या आसपास असताना पेट्रोलची सबसिडी काढली. डिझेलवर मात्र लिटरमागे १,००० रुपिया ठेवले.