मधलं पान काढून झेरॉक्स देणाऱ्यांसाठी

डावा_हात
काल इथे एका गृहस्थांनी लिहिलं की दुर्मीळ पियानो स्कोअर, म्हणजे छापील स्वरलिपी, ज्याने खस्ता खाऊन मिळवले त्यानेच ते जपावेत, पीडीएफ करून वाटणं ही चोरी, आणि फुकट मिळालेलं कोणी वाजवत नाही. दोन ओळींत उत्तर देणार होतो. रात्री झोप लागली नाही, म्हणून सविस्तर.

1996 साल, वडोदरा. मला आल्काँ या फ्रेंच संगीतकाराचा एकट्या पियानोसाठीचा कॉन्चेर्टो हवा होता, ओपस 39 मधला. 1857 चं काम, नुसता पहिला भाग अर्ध्या तासाच्या घरात. तेव्हा असलं काही हवं तर कोणाचा तरी काका लंडनला असावा लागे. गावात एकांकडे प्रत होती. दहा खेपा घातल्या, दहा वेळा चहा प्यालो, शेवटी झेरॉक्स मिळाली. घरी येऊन स्टँडवर लावली, तर पान 23 नंतर एकदम 25. वाटलं झेरॉक्सवाल्याचा घोळ. परत गेलो. ते हसून म्हणाले, "सगळंच दिलं तर माझ्याकडे काय राहणार?"

ते पान मला 2009 मध्ये आयएमएसएलपीवर, म्हणजे जुने स्कोअर फुकट देणाऱ्या वेबसाइटवर, मिळालं. 13 वर्षं मी त्या पानाच्या अलीकडे थांबून पलीकडून सुरू करत होतो. आल्काँ 1888 मध्ये गेला हो! चोरी नक्की कोणाची?

आणि हे कुठे, तर जिथे सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डन साहेबाला आणून गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या, त्या गावात.

रावपुऱ्याची_मास्तरीण
महाराजांना मध्ये आणलं की वडोदऱ्यात वाद जिंकला, असं समजतात सगळे. पेट्यांतली पुस्तकं महाराजांनी विकत घेतलेली होती, एवढं लक्षात असू द्या.

आल्काँचं सोडा, तो सगळ्यांचा. पण तुमच्या त्या फुकट फोल्डरांत कालपरवाच्या संपादकांची कामंही असतात. बोटांचे आकडे, पेडलच्या खुणा, हस्तलिखिताशी ताडून पाहिलेले सूर, याला कोणीतरी डोळे फोडलेले असतात.

खर्ज
मुद्दा पियानोचा नाहीच. आपल्याकडे उस्तादांनी काय वेगळं केलं? चीज शिकवायची आणि तिचा दुसरा भाग, अंतरा, गिळायचा. माझ्या आजोबांनी एका बुवांकडे 6 वर्षं पाणी भरलं. त्यांच्या वहीत 11 बंदिशी आहेत, त्यातल्या 4 नुसत्या स्थायीवर संपतात. अंतऱ्यासाठी जागा सोडलेली आहे, रेघा आखलेल्या आहेत. त्या रेघा अजून कोऱ्या आहेत.

दांडियाबाजार_३
आणि भातखंड्यांनी काय केलं? लोकांच्या घरातल्या चीजा गोड बोलून काढून घेतल्या आणि छापल्या. घराण्यांचं घरच लुटलं.

खर्ज
लुटलं?? क्रमिक पुस्तकमालिकेचे 6 भाग, दीड हजारांवर चीजा. ते नसते तर निम्म्या आज स्मशानात असत्या, गाणाऱ्यांबरोबर. 1916 ची पहिली अखिल भारतीय संगीत परिषद याच गावात भरली ती काय लुटीचा माल वाटायला?

दांडियाबाजार_३
कागदावरची चीज मेलेलीच असते. 'सा' कुठला लावायचा ते पुस्तक सांगतं, कसा लावायचा ते नाही. पुस्तकावरून शिकलेली मुलं मी परीक्षेला ऐकतो. ऐकवत नाही.

खर्ज
मग मौलाबक्षांनी 1886 मध्ये इथे गायनशाळा काढली, स्वतःची स्वरलिपी बसवली, तीही चूक म्हणा. म्हणा ना एकदा!

ग्वाल्हेरवाली
आमच्याकडची गोष्ट ऐका. दौलतराव शिंद्यांच्या दरबारात बडे मोहम्मद खाँ गायचे आणि ग्वाल्हेर घराण्याचे हद्दू-हस्सू खाँ पडद्याआडून ऐकून त्यांच्या ताना उचलायचे, असं आमच्याकडे पोरंटोरंही सांगतात. खरं असेल तर ख्यालातलं सगळ्यात जुनं म्हणवणारं घराणंच पायरेटेड आहे. आता बोला.

दांडियाबाजार_३
ऐकून उचलायला गळा लागतो. डाउनलोडला अंगठा पुरतो.

ग्वाल्हेरवाली
हे मात्र छान बोललात. राग आला तरी.

ओला_हातोडा
स्कोअर वाटून वाजवणार कशावर? पावसाळ्यात माझ्या पियानोच्या 9 पट्ट्या दाबल्या की वरच येत नाहीत. ट्यूनर मुंबईहून येतो, येण्याजाण्याचं भाडं वेगळं, आणि गेला की आठवड्यात पुन्हा बेसूर. यावर धागा काढा कोणीतरी.

डावा_हात
काढा तुम्हीच. इथे आधीच हद्दू-हस्सू खाँ आलेत.

मास्तरीणबाई, कायद्याचं बोलायचं तर बोलू. आपल्याकडे संगीतकार गेल्यावर 60 वर्षं कॉपीराइट, युरोपात 70. इंग्रज संगीतकार यॉर्क बोवेन 1961 मध्ये गेला, म्हणजे भारतात 2022 पासून मोकळा आणि इंग्लंडमध्ये 2031 संपेपर्यंत कुलूप. कॅनडात 50 चा नियम होता तेव्हा आयएमएसएलपी तिथून चालायचं, तरी 2007 मध्ये व्हिएन्नाच्या प्रकाशकाची नोटीस आली आणि ते महिनोन्‌महिने बंद पडलं. दुसऱ्या देशाच्या कायद्याने! संगीतकार सोराबजीचं मी समजू शकतो. बाप पारशी, मुंबईचा, मुलगा असला हट्टी की स्वतःची कामं जाहीर वाजवायला 1976 पर्यंत नकोच म्हणाला. ते त्याचं होतं, त्याने अडवलं. पण ज्यांचं नाही ते का अडवतात?

रावपुऱ्याची_मास्तरीण
बोवेनचं नाव काढलंत, बरं झालं. 2022 लागल्यावर मी त्याच्या एका छोट्या तुकड्याची जुनी प्रत हाती घेतली. शाई उडालेली, कडा वाळवीने खाल्लेल्या. 2 महिने रोज रात्री शिकवण्या संपल्यावर संगणकावर एकेक सूर बसवला. जिथे वाचता आलं नाही तिथे खाली टीप दिली. शेवटच्या ओळीत बारीक अक्षरात माझं नाव. चार विद्यार्थ्यांना पाठवली. महिन्याभरात ती फिरत फिरत माझ्याकडेच आली, टिपा आणि नाव कापून. पाठवणाऱ्याने वर लिहिलं होतं, "खास तुमच्यासाठी, फार दुर्मीळ."

पैसे नको होते मला. तुमचा तो पान काढणारा वाईटच, मान्य. पण नाव कापणारा त्याचाच भाऊ.

डावा_हात
ठीक आहे. नाव कापणं हलकटपणा आहे. एवढं मान्य, फार खूश होऊ नका. पण ती प्रत तुमचीच कशावरून? दुसऱ्या कोणीही केली असेल.

रावपुऱ्याची_मास्तरीण
माझी चूक आहे तिच्यात. बार 41, डावा हात, दुसरा ठोका. 'बी'ला फ्लॅट (कोमलची खूण) हवा, माझ्याकडून राहिला. पाठवून झाल्यावर लक्षात आलं. फिरणाऱ्या प्रत्येक प्रतीत तो तसाच आहे.

ग्वाल्हेरवाली
चोराने चूकही जपून नेली की!

डावा_हात
थांबा. बघून येतो.

डावा_हात
माझ्या प्रतीत फ्लॅट नाही. दीड वर्ष वाजवतोय.

रावपुऱ्याची_मास्तरीण
माहीत आहे. डिसेंबरच्या बैठकीत मी तिसऱ्या रांगेत होते.