बाबांना काचबिंदूचं ऑपरेशन सांगितलंय, पण गेलेली नजर परत येणार नाही म्हणतात

ओंजळ:
बाबा ६७ वर्षांचे आहेत. चार वर्षांपूर्वी चष्म्याचा नंबर काढायला गेलो तेव्हा कळलं की दोन्ही डोळ्यांना काचबिंदू आहे, तोपर्यंत दुखणं नाही लाली नाही, काहीच नव्हतं. आता तीन प्रकारचे ड्रॉप्स चालू आहेत तरी उजव्या डोळ्याचं प्रेशर २६ च्या खाली येत नाहीये आणि या वेळच्या फील्ड टेस्टमध्ये (नजरेचा घेर तपासतात ती) काळा भाग, म्हणजे न दिसणारा, वाढलेला दिसला, म्हणून डॉक्टरांनी ट्रॅबेक्युलेक्टोमी, म्हणजे डोळ्यातल्या पाण्याला नवीन वाट करून प्रेशर उतरवायचं ऑपरेशन, सांगितली. बाबांचं म्हणणं एकच, मोतीबिंदू काढला की लोकांना दुसऱ्या दिवसापासून स्वच्छ दिसतं, इथे डॉक्टर स्वतःच सांगतायत की नजर सुधारणार नाही, मग डोळ्याला हात कशाला लावू द्यायचा? मला उत्तर देता आलं नाही. आणि हे होतं तरी कशाने, आमच्या घरात कुणालाच नाहीये.

नेत्रांकुर:
मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, फील्ड टेस्ट रोज घेते, त्यामुळे हा प्रश्न बऱ्याचदा ऐकलाय. मोतीबिंदूत भिंग गढूळ होतं, ते बदलता येतं. काचबिंदूत डोळ्यामागची नस झिजते, तिच्यात दहा-बारा लाख तंतू असतात आणि गेलेला तंतू पुन्हा उगवत नाही.

कारण असं की डोळ्याच्या पुढच्या भागात सतत पाणी तयार होतं आणि बुबुळाच्या कडेला असलेल्या बारीक जाळीतून ते निघून जातं. ती जाळी हळूहळू तुंबली की प्रेशर वाढतं (साधारण १० ते २१ नॉर्मल धरतात) आणि नसेवर ताण येतो. काहींचा ही जाळी असते तो कोपराच अरुंद असतो, तो अचानक बंद झाला तर भयंकर डोकेदुखी, उलट्या, दिव्याभोवती रंगीत कडी दिसणं असं होतं आणि तेव्हा तासातासाला महत्त्व असतं. प्रेशर नॉर्मल असूनही नस खराब होणारे पेशंटही असतात, म्हणून नुसतं प्रेशर बघून भागत नाही.

एक विचारते, बाबांनी कधी स्टेरॉइडचे ड्रॉप्स खूप दिवस वापरलेत का? त्यानेही प्रेशर वाढतं. आणि घरात कुणाला नाही म्हणजे कुणी तपासलंच नाही असंही असू शकतं.

पाऊलवाट:
ओंजळताई, माझ्या डाव्या डोळ्याची हीच सर्जरी होऊन सहा वर्षं झाली. मलाही बाबांसारखंच वाटायचं. मला डॉक्टरांनी एवढंच सांगितलं की आज जेवढं दिसतंय तेवढं टिकवायचंय, आणि मी तयार झालो.

डोळा बधिर करून करतात, दुखत नाही. वरच्या पापणीखाली पांढऱ्या भागात एक छोटी झडप कापून पाण्याला नवीन वाट करून देतात, ते पाणी वरच्या पातळ पडद्याखाली साचून एक फुगवटा तयार होतो, पापणीखाली झाकलेला राहतो. शरीर ही वाट जखम समजून भरून काढायला बघतं म्हणून तिथे भरून येणं मंदावणारं औषध लावतात. खरं काम नंतरच्या दोन महिन्यांत असतं हे मला आधी कुणी नीट सांगितलं नव्हतं, म्हणून सांगतो. सुरुवातीला दर थोड्या दिवसांनी दाखवायला जावं लागलं, कधी प्रेशर फार उतरलं तर कधी टाका सैल करावा लागला, नजर त्या काळात आधीपेक्षाही अंधुक होती आणि मी फार घाबरलो होतो. नंतर पूर्वीइतकी झाली. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, डोळा चोळायचा तर अजिबात नाही. आणि हे जन्मभरासाठी लक्षात ठेवा, त्या डोळ्याला लाली, पू, दुखणं, काहीही आलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे, सकाळची वाट बघायची नाही. मोतीबिंदूही पुढे लवकर येऊ शकतो, माझा आला.

कवडसा:
लेझरबद्दल आणि व्हॉल्व्हबद्दल पण विचारा. जाळीवरच्या लेझरने काहींचं प्रेशर उतरतं, पण प्रेशर इतकं असताना आणि फील्ड बिघडत असताना ते पुरेल का ते डॉक्टरच सांगतील. व्हॉल्व्ह म्हणजे बारीक नळी बसवतात, माझ्या आईला पहिलं ऑपरेशन बुजल्यावर बसवली.

ओंजळ:
सगळ्यांचे मनापासून आभार. नेत्रांकुर, तुम्ही विचारलंत म्हणून बाबांना विचारलं, तर डोळ्यांना खाज यायची म्हणून एका दुकानातून आणलेले ड्रॉप्स ते कितीतरी वर्षं घालत होते, आम्हाला पत्ताच नाही. बाटली सापडलीये, उद्या डॉक्टरांना दाखवते. पाऊलवाट, तुमचं सगळं बाबांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, डावा डोळा पण बघून घ्यायला सांग.

नेत्रांकुर:
बाटली नक्की न्या. आणि काका, आत्या, तुम्ही भावंडं, सगळ्यांनी एकदा नस तपासून घ्या, बाहुली मोठी करायचे थेंब घालून. परतताना गाडी स्वतः चालवू नका, काही तास अंधुक दिसतं.