वास न येताही छाती का आवळते

नाक चोंदलं असेल तर अत्तराचा त्रास व्हायला नको, कारण वासच येत नाही, असं काहींचं म्हणणं असतं. मला ते पटत नाही. गंधग्राही, म्हणजे वासाचे रेणू ओळखणारी प्रथिनं, फक्त नाकात नसतात; श्वासनलिकेच्या अस्तरात तुरळक विखुरलेल्या चेता-अंतःस्रावी पेशींवरही (चेतापेशींसारख्या, पण रसायनं स्रवणाऱ्या) ती असतात (२०१४ चं संशोधन). नाकातला संदेश मेंदूत पोचून ‘वास’ बनतो; या पेशी मात्र गंधद्रव्याची वाफ लागताच सेरोटोनिन हे शेजारच्या नसा-स्नायूंना संदेश देणारं रसायन तिथल्या तिथेच ओततात. सीओपीडी या श्वासमार्ग अरुंद करणाऱ्या दीर्घकालीन फुप्फुसविकारात या पेशींची संख्याही वाढलेली आढळते.

पण सगळेच ग्राही खलनायक नव्हेत. श्वासनलिकेच्या स्नायुपेशींवरचा ओआर१डी२ हा गंधग्राही बूर्जिओनल या गंधद्रव्याने आकुंचन वाढवतो, तर ओआर२एजी१ हा दुसरा ग्राही अमाइल ब्यूटिरेट हे गंधद्रव्य मिळताच हिस्टामिनने (ॲलर्जीत शरीर सोडतं ते रसायन) आलेलं आकुंचन सैल करतो. अर्थात हे प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत. त्या भरवशावर कुणी इनहेलर बाजूला ठेवू नये.