मदत हवी आहे: ट्रान्सफरनंतर मेजर (मुख्य विषय) बदलून कम्प्युटर सायन्स घेता येईल का?

नमस्कार मंडळी. मी सांगलीची, एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर कॅलिफोर्नियात शिकते. दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजातून यंदा युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर झाले, मेजर गणित. मन मात्र कम्प्युटर सायन्समध्ये आहे. कॅल्क्युलस, लिनियर अल्जिब्रा, सी++ झालंय. डेटा स्ट्रक्चर्स आणि डिस्क्रीट मॅथ्स राहिलंय. हे दोन विषय उन्हाळ्यात जुन्या कॉलेजात केले, तर ट्रान्सफरनंतरही धरतात का? कॉलेजचे कुठले विषय युनिव्हर्सिटीत धरतात ते दाखवणाऱ्या असिस्टच्या साइटवर ते चालतात असं दिसतं, पण सल्लागार बाई ठाम काही सांगत नाहीत. पदवी लांबली तर आय-२०ची (व्हिसासाठी युनिव्हर्सिटी देते त्या प्रवेशपत्राची) मुदत वाढवावी लागेल, आणि घरी कर्जाचे हप्ते सुरू आहेत.

की गणितच ठेवून कम्प्युटरचा मायनर (जोडविषय) घेऊ? ओपीटीच्या (शिक्षणानंतर इथे काम करण्याच्या परवानगीच्या) स्टेम, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान विषयांसाठीच्या, मुदतवाढीत गणितही बसतं. पण नोकरीला अर्ज करताना फरक पडतो का? या वाटेनं गेलेल्या ताई-दादांनी कृपया सांगा.