आधी हाफ कर, मग फुल

१० किमी आता आरामात होतात, डायरेक्ट फुल मॅरेथॉनला नाव देऊ का असं विचारलंयस, तर माझं मत, आधी एक हाफ मॅरेथॉन (साधारण २१ किमी) कर. फुलचे ४२.१९५ किमी म्हणजे नुसते दोन हाफ नाहीत रे, साधारण ३० किमीच्या पुढे स्नायूंमधलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेलं साखरेचं इंधन, संपत येतं आणि पाय शिशाचे होतात. मी पहिल्या वेळी सुरुवातीला जोशात पळालो आणि ३३ ला चालायची वेळ आली, तेव्हा रस्त्याकडेला उभ्या एका काकूंनी हातावर गुळाचा खडा ठेवला, ते आयुष्यभर विसरणार नाही. म्हणून रविवारचा लाँग रन हळूच, शेजारच्याशी गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने, आणि रेसच्या दिवशी नवीन शूज अजिबात नकोत.

फायद्यांचं म्हणशील तर वजन वगैरे ठीके, पण बाबा गेल्यावर माझी झोपच उडाली होती, पहाटे पुण्यातल्या तळजाई टेकडीवर पळायला लागलो आणि दोनेक महिन्यांत शांत झोप लागायला लागली, घरच्यांशी नीट बोलायला लागलो, हे माझ्यासाठी कुठल्याही मेडलपेक्षा मोठं आहे. रविवारी पहाटे आम्ही तिथेच असतो, ये की.