टार्निश आणि काळी पडलेली चांदी

इंग्रजी 'टार्निश' (tarnish) या क्रियापदाचा अर्थ कुणी 'कलंक लावणे' असा देतं, तो मला जरा जहाल वाटतो. शब्द आला फ्रेंच 'तेर्नीर'वरून, म्हणजे निस्तेज करणे. मूळ मामला धातूचा. चांदीच्या निरांजनावर हवेतल्या गंधकयुक्त वायूमुळे सिल्व्हर सल्फाइडचा थर चढतो. आधी पिवळट, मग तपकिरी, शेवटी काळाकुट्ट. म्हणूनच हे क्रियापद अकर्मकही चालतं, चांदी आपसूक 'टार्निश' होते. माणसांच्या बाबतीत ते नाव, प्रतिमा, कारकीर्द यांनाच शोभतं, तेही आधी झळाळी असेल तर. नामचीन गुंडाची प्रतिमा कोण कशाला 'टार्निश' करेल? 'सली' (sully, मलिन करणे) हे त्याचं अर्थाने जवळचं इंग्रजी भावंड बहुधा फ्रेंच 'सुये'वरून, त्यात बरबटणं आहे. मराठीत मी 'नावाला बट्टा लावणे' वापरेन, 'काळिमा फासणे' नाही.